नानांचा पालाश

आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर पहिली ओळ लिहिली, ‘केळी बंद’, आणि नाना, माझे वडील, हसायला लागले. बाई गोंधळल्या. त्यांना तरी कसं कळणार? चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत या माणसाने चाळीस वर्षं केळीच लावली होती. मृगबाग झाली की कांदेबाग, मग खोडव्याची पिलबाग, सगळ्या केळीच्याच. केळी विकत आणायची वस्तू असते हे मला जळगावला नोकरीला लागल्यावर कळलं, आणि पहिल्यांदा डझनाचे पैसे मोजताना काहीतरी गैर करतेय असं वाटलं होतं.

“मूत्रपिंडं बंद आहेत ना काका, पोटॅशियम वाढतं, म्हणून. ते डायलिसिसने रक्तातून काढावं लागतं,” बाई समजुतीने म्हणाल्या.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. “पोटॅशियम म्हणजे पालाशच ना व?”

“हो, पालाशच.”

नत्र, स्फुरद, पालाश. शेतकऱ्याच्या पोरांना खतांचे हे तीन शब्द पाढ्यांबरोबरच येतात. त्यात केळी म्हणजे पालाशाची राक्षसी भूक असलेलं पीक. घड भरायला लागला की नाना ठिबकच्या टाकीत पोटॅश सोडायचे, आणि त्या महिन्यात घरात कुणी काही मागायचं नाही अशी रीत होती. ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. म्हणाले, “सारी उमर पालाश इकत लिधा, आते मनामाईन काढी राह्यनात!”

आयुष्यभर पालाश विकत घेतला, आता माझ्यातूनच काढताहेत. बाईंना अहिराणी येत नसावी, पण त्याही हसल्या.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात हा भाग दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी एक वाक्य फळ्यावर लिहिते: या प्रकारच्या वहनात पेशीला ऊर्जा खर्च करावी लागत नाही. जिथे दाटी जास्त तिथून जिथे कमी तिकडे कण सरकतात, आपोआप. परीक्षेत एक गुण. मुलं लिहून घेतात, मी पुढे जाते. नानांचं डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र त्या ‘आपोआप’शी माझं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास. मी तपासायचे पेपर घेऊन शेजारी बसते. नानांच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे. शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जोडलेली. तिथे बोट ठेवलं की विहिरीवरच्या जुन्या इंजिनासारखं थरथरतं. दोन सुया, दोन नळ्या, आणि मध्ये फूटभर लांबीची ती पारदर्शक नळकांडी, जिला सगळे ‘किडनी’च म्हणतात. आत केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा, दहा-बारा हजारांच्या घरात. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून द्रावण. मधली भिंत इतकी बारीक छिद्रांची की रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं अडतात. युरिया, पोटॅशियम असली लहान मंडळी पार होतात. नानांच्या रक्तात पालाश जास्त, द्रावणात कमी, लिटरला दोनेक मिलीमोल. तो सरकतो. कुणी त्याला ढकलत नाही. त्या भिंतीला कळही नाही आणि दयाही नाही.

अंगात साचलेलं जास्तीचं पाणी काढायला मात्र यंत्राला दाबाचा फरक लावावा लागतो, ते विसरणाने, म्हणजे कणांच्या त्या आपोआप सरकण्याने, जात नाही. ‘विसरण’ हा शब्द ऐकला की एक मुलगी दरवर्षी विचारतेच, “मॅडम, विसरायचं म्हणजे?” हा शब्द पाठ्यपुस्तकात आणणाऱ्याने तो वर्गात म्हणून पाहिला नसावा.

एका दुपारी नानांनी विचारलं, “ते पाणी कितीक लागतं?” मी हिशेब केला. द्रावण मिनिटाला अर्धा लिटर, चार तास. एकशे वीस लिटर. ते गप्प झाले. मग म्हणाले, “येवढं कशाला? एकच टाकी भरून फिरवायची ना फिरून फिरून.” ठिबकवाल्या माणसाचा रास्त सवाल. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नाही.

उत्तर देताना मला माझंच वाक्य आडवं आलं. तेच पाणी फिरवत राहिलं तर थोड्या वेळाने रक्तातला आणि पाण्यातला पालाश सारखा होईल. मग कण इकडून तिकडे जातील आणि तिकडून इकडे येतील, पण पदरात काही पडणार नाही. म्हणून ताजं पाणी सतत यायला हवं, आणि तेही रक्ताच्या उलट दिशेने, म्हणजे नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्हींत फरक राहतो. पालाश फुकट सरकतो हे खरं. पण फरक फुकट राहत नाही. त्यासाठी शुद्ध केलेलं एकशे वीस लिटर पाणी, वीज, टेक्निशियन, चोपड्याहून जळगावची गाडी, आणि पंख्याखाली पेपर तपासणारी मी.

या प्रकाराला डायलिसिस हे नाव थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली दिलं. तो माणसांवर उपचार करत नव्हता, चर्मपत्रासारख्या कागदातून कुठले पदार्थ पार होतात आणि कुठले अडतात ते पाहत होता. माणसाच्या रक्ताला हे यशस्वीपणे लावलं विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने, दुसऱ्या महायुद्धात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात तो सेलोफेन त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळला आणि पिंप पाण्यात फिरवत ठेवलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली एक बाई बेशुद्धीतून जागी झाली. मी हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांना ते पिंपच जास्त आवडलं. जुगाड करणारा माणूस आमच्या तालुक्यात कधी परका नसतो.

गेल्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा गडबड झाली. घरभर पाहुणे, रोट, आरत्या, आणि प्रसादात केळी. नानांनी एक खाल्लं. त्यांच्या मते अर्धं. माझा पुतण्या साक्षीदार आहे, तो दोन म्हणतो. पुढच्या तपासणीत पोटॅशियम ६.४ आलं. निरोगी माणसाचं साडेतीन ते पाचच्या आत-बाहेर. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. चालू मूत्रपिंडाला ते कुठच्या कुठे, बंद मूत्रपिंडाला ते तसंच रक्तात. डॉक्टर रागावले, हृदयाचा आलेख काढला, आणि त्या दिवशीचं डायलिसिस घाईने झालं.

एका केळ्याने हृदयाला काय होतं, असं माझ्या भावाने चिडून विचारलं. मी त्याला समजावायला गेले आणि समजावता समजावता मलाच ते पहिल्यांदा नीट दिसलं. शरीरातला जवळजवळ सगळा पालाश पेशींच्या आत असतो. आत लिटरला साधारण १४० मिलीमोल, बाहेर रक्तात चार. पस्तीस पट फरक. पेशीपटलात पालाशाची खास दारं असतात, त्यांतून तो हळूहळू बाहेर झिरपतो, आणि त्या झिरपण्यातून पटलाच्या दोन बाजूंना विजेचा ताण उभा राहतो. त्या ताणावर हृदयाचा ठोका बेतलेला. बाहेरचे चार ६.४ झाले की पस्तीस पटींचे बावीस होतात. केळ्यात विष नसतं. फरक कमी झाला, एवढंच.

आणि हा पस्तीस पटींचा फरक आला कुठून? तो आपोआप आलेला नाही. त्याच पटलात एक पंप बसलेला असतो. दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत ओढतो, आणि त्याचं इंधन रोख मोजतो. येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना तो शोधला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. आपण नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या खर्चातला साधारण पाव हिस्सा या एका पंपावर जातो. दुपारी खाटेवर आडवे झालेले नाना काही करत नाहीत असं माय म्हणते, ते शास्त्राला धरून नाही.

तर माझं फळ्यावरचं वाक्य खोटं नाही, पण ते पाटातून पाणी आपोआप वाहतं म्हणण्याइतकंच खरं आहे. विहिरीतून वर कुणी काढलं?

दारांचीही एक गंमत सांगायची राहिली. पेशीपटल मुळात चरबीच्या रेणूंचं, दोन पदरी, सात-आठ नॅनोमीटर जाडीचं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांना त्याची अडचण नाही, ते चरबीत विरघळून सरळ पार होतात. केळी पिकवणारा इथिलीन वायूसुद्धा तसाच. म्हणून तर त्याची चाहूल घेणारा संवेदक पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर नसतो, आतल्या जाळ्याच्या पटलावर असतो. जो न विचारता माजघरापर्यंत येतो त्याच्यासाठी ओट्यावर कडी कशाला? मीठ, पालाश, साखर यांना मात्र दार लागतं. पाण्यालाही लागतं, निदान घाई असेल तेव्हा. पाण्याचं ते दार पीटर आग्रे यांना जवळपास अपघातानेच सापडलं. ते रक्तगटाशी संबंधित एक प्रथिन शोधत होते, आणि लाल पेशींत एक वेगळंच प्रथिन पुन:पुन्हा नमुन्यात यायचं. १९९२ साली त्यांनी बेडकाच्या अंड्यांना ते बनवायला लावलं. साधी अंडी गोड्या पाण्यात तशीच राहिली. हे दार बसलेली अंडी फुगली आणि फुटली. एका दारातून सेकंदाला तीनशे कोटींच्या आसपास पाण्याचे रेणू जातात, एकेरी रांगेत.

पालाशाचं दार त्याहून चोखंदळ. सोडियम आकाराने पोटॅशियमपेक्षा लहान, तरी मोठा आत जातो आणि लहान बाहेर राहतो. हे कोडं रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली दाराची रचनाच डोळ्यांसमोर आणून सोडवलं. पोटॅशियमभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. दारातल्या ऑक्सिजनच्या जागा इतक्या मोजून बसवलेल्या, की ते कडं उतरवून आत शिरताना त्याला काहीच गमावल्यासारखं होत नाही. सोडियम लहान, त्याला त्या जागा पुरत्या भिडत नाहीत. पाण्याचं कडं सोडायला तो राजी होत नाही. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल आग्रे आणि मॅकिनन यांना मिळून मिळालं. दोघेही दारांचेच अभ्यासक, आणि दोघांच्याही दारांना ढकलण्याचं काम येत नाही, फक्त उघडं राहण्याचं येतं.

हे सगळं मी नानांना सांगत नाही. त्यांना यातलं एकच पुरतं: पाणी किती प्यायचं. दिवसाला एक बाटली, तिच्यावर मार्करने चार रेघा, सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र. मे महिन्यात जळगावला पंचेचाळीस अंश होतात आणि भुसावळला त्याहून जास्त झाले की जळगावकर वर्तमानपत्र दाखवून हळहळतात. त्या उन्हात चार रेघा. तोंडात बर्फाचा खडा धरून नाना बसतात. माझे आजोबा दुष्काळातल्या विहिरीच्या काठावर असेच बसायचे म्हणे.

पाण्यावर लक्ष ठेवण्यापेक्षा मिठावर ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीठ खाल्लं की रक्त खारट होतं, मेंदूतल्या काही खास पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं, त्या आकसतात, आणि त्यांचं आकसणं म्हणजेच आपली तहान. मायला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे कैरीच्या फोडीसारखं.” मी अठरा वर्षं शिकवतेय, मला ही उपमा सुचली नव्हती.

मायचा स्वयंपाक आता दोन चुलींचा झाला आहे. एक सगळ्यांचा, एक नानांचा. कळण्याची भाकरी चालते का, भरीत किती चालेल, शेवभाजी तर विचारूच नका. भाज्यांतला पालाश काढायला तिला सांगितलं होतं की बटाटे चिरून पाण्यात भिजत घाला, पाणी फेकून द्या. ती रात्रभर घालायची. मग मी एकदा बीट चिरून धुतलं आणि दोन वाट्यांत ठेवलं, एकीत गार पाणी, एकीत उकळतं. गार पाणी जवळजवळ पांढरंच राहिलं. उकळत्या वाटीत दोन मिनिटांत होळी. कच्च्या भाजीची पेशी चिरल्यावरही जिवंत असते, तिचं पटल शाबूत असतं, ती आपला माल अशी सहजी सोडत नाही. उकळलं की पटल मरतं आणि मग सगळं खरंच आपोआप. तेव्हापासून माय भरपूर पाण्यात उकळते, पाणी ओतते, पुन्हा नवीन पाण्यात उकळते. त्या भाजीला मग काही चव राहत नाही. नाना खातात. तक्रार करत नाहीत, पण भाकरी मोडताना त्यांचा हात हळू चालतो.

अंतराचाही एक हिशेब आहे, तो मला रात्री झोप येत नसली की आठवतो. विसरणात अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. साखरेचा रेणू पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागात कापतो. एक सेंटिमीटर जायला जवळजवळ एक दिवस. एक मीटर जायला वीस वर्षांहून जास्त. पटलापाशी आपोआप चालतं कारण अंतर नाहीच म्हणण्याइतकं आहे. आतड्यापासून पायाच्या बोटापर्यंत आपोआपच्या भरवशावर राहिलो असतो तर आज निघालेली साखर माझ्या निवृत्तीनंतर पोचली असती. म्हणून हृदय. म्हणून रक्त.

यंदा जूनमध्ये लोणच्यासाठी आम्ही गावी गेलो. पाऊस पडून गेला होता, सातपुडा धुतल्यासारखा जवळ आला होता. बाजारातून कैऱ्या फोडून आणल्या, बाठीसकट. गेल्या वर्षी मी शहाणपणा करून मीठ निम्मं घालायला लावलं होतं. श्रावण सरायच्या आत बरणीवर पांढरी बुरशी आली आणि सगळं लोणचं उकिरड्यावर गेलं. मीठ कमी पडलं की बुरशीतलं पाणी बुरशीतच राहतं, ती मजेत वाढते. हे मी वर्गात शिकवते. घरी विसरले. त्यामुळे यंदा मी तोंड उघडलं नाही.

मायने मोठ्या परातीत फोडी घेतल्या, हळद टाकली, आणि मुठीने मीठ. मोजमाप नाही. दोन्ही हातांनी खालवर केलं. मी अजून थोडं कालवायला गेले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. मीठ करस त्यानं काम.” परातीवर फडकं टाकलं आणि हात धुवायला गेली. तिच्या बोटाला कैरीच्या चिकाने चिरा पडल्या होत्या, मीठ झोंबत असणार.

रात्री नाना ओट्यावर खाटेवर होते. दार उघडं, घरभर कैरीचा वास. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं उचललं तर फोडी आकसल्या होत्या आणि परातीत दोन बोटं खार सुटला होता, पिवळाजर्द. रात्रभर कुणी हात लावला नव्हता. मायने फोडी निथळून जुन्या लुगड्यावर सावलीत पसरल्या. खार गंजात काढून ठेवला आणि ती मोहरीची डाळ भाजायला आत गेली.

मी खिडकीशी होते. नाना खाटेवरून उठले, भिंतीला धरत गंजापाशी आले, करंगळी बुडवली आणि चाटली. डोळे मिटले. मग पुन्हा बुडवली. मी मागे वळले तर चुलीपाशी उभी राहून माय त्यांच्याकडेच पाहत होती. ती काही बोलली नाही. मोहरी करपायला लागली तेव्हा वळली.

दुपारी नानांच्या ताटात गिलक्याची भाजी होती. दोनदा उकळलेली, बिनमिठाची. आणि बाटलीवरची दुपारची रेघ मायने मार्करने खोडून बोटभर खाली ओढली होती.